खेळाडू पोरांच्या आहाराच्या वह्या आणि ते ४७ टक्के

लांबपल्ला

परवा ‘ताटवाटी’ यांचा लेख आला. म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजातले खेळाडू खाण्याबद्दल सर्रास खोटं बोलतात, जवळजवळ निम्मं लपवतात, तेव्हा त्यांनी भरलेल्या आहाराच्या वह्या रद्दीत घाला. पुरावा म्हणून ४७ टक्क्यांचा आकडा, आणि खाली सगळ्यांच्या टाळ्या. प्रतिसाद लिहायला घेतला, लांबला, म्हणून वेगळा धागा.

तो आकडा १९९२ चा आहे. दहा लठ्ठ माणसं, तक्रार एकच: १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही. त्यांनी खाणं ४७ टक्के कमी सांगितलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यात खेळाडू औषधालाही नव्हता. तो आकडा उचलून पहाटे पाचला ट्रॅकवर येणाऱ्या पोरींच्या माथी मारायचा?

आमच्याकडे फॉर्म कसा भरून घ्यायचे ते सांगते. प्रॅक्टिस संपली की मैदानातच, सर समोर उभे. भरलेला फॉर्म सर मोठ्याने वाचणार. ‘तीन चपात्या? म्हणूनच शेवटच्या फेरीत मागे पडतेस!’ हे एकदा ऐकल्यावर पुन्हा कोण तीन लिहील? सगळ्या जणी दोन लिहायच्या. एकीचा फॉर्म बाकीच्या उतरवून काढायच्या.

ताटवाटी

राग आला, छान. लेख वाचला गेला म्हणायचा.

तो ४७ चा आकडा खेळाडूंचा नाही, मान्य. मग खेळाडूंचाच घ्या. २०१७ चा आढावा आहे, डबली लेबल्ड वॉटरने, म्हणजे खुणेचे अणू असलेलं पाणी पाजून केलेल्या मापाने, ताडून पाहिलेल्या अभ्यासांचा. सरासरी १९ टक्के कमी नोंद. कुठे जवळपास शून्य, कुठे ३६. म्हणजे ३००० कॅलरी खाणारा २४०० च्या आसपास सांगतो. त्या ६०० सरांच्या धाकाने गेल्या की कंटाळ्याने, याने मला काय फरक पडतो? मला खेळाडूंचा आहारतक्ता बनवायचा असतो. आणि तीनच्या दोन लिहायचो हे तुम्हीच कबूल केलंत. आता माझं काय चुकलं ते सांगा.

मातीतला

आमच्यात उलटं हाय. तालमीत कमी कोण सांगतंय? वस्तादांनी इचारलं की पोरगं छाती फुगवून सांगणार, दोन लिटर दूध, पावशेर बदाम, मटण येगळं. खरं बघाया गेलं तर निम्मं. बापानं उसाच्या बिलातनं खुराकाला पैसं धाडल्यालं असत्यात, मग खाल्लं म्हणूनच सांगाया लागतंय. आन् वजन उतरवायच्या आठवड्यात तेच पोरगं पाण्याला बी शिवत न्हाई, पर वहीत दूध दोन लिटर चालूच. विनेश १०० ग्रॅमनं भाईर गेली २०२४ ला, तवा टीव्हीवाल्यास्नी कळलं वजन उतरवणं काय असतंय. ह्यो तुमचा १९ टक्क्यांचा हिशोब कुस्तीला लावू नगासा.

माजी_मेस_सेक्रेटरी

तुम्ही सगळे टक्क्यांत अडकलात. वाटीचं काय? ‘दुपारी १ वाटी आमटी’. कुठली वाटी? मेसची स्टीलची वाटी घरच्या वाटीच्या निम्मी. दुपारची आमटी रात्री पाणी घालून वाढवली जाते, तीही १ वाटीच. मटकीच्या रश्शावर तर्री असते ती कोण लिहितं? एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि पोरं दोनदा तर्री मागतात. वर एकाच्या घरून डबा आला की सहा जण तुटून पडतात. मुलगा प्रामाणिक असला तरी लिहिणार काय, कपाळ?

दुसरं, अंडी. आमच्या होस्टेलात माळकरी घरची मुलं होती. प्रॅक्टिसनंतर गाडीवर चार उकडलेली अंडी खायची, वहीत एकही नाही. वही चुकून घरी गेली तर? त्यांचं प्रोटीन बघून तज्ज्ञ मॅडम हळहळायच्या. मेसमध्येच अंडं दिलं असतं तर हे लपवणं राहिलंच नसतं.

शुद्ध_तूप

आलात का अंड्यावर! शाकाहाराने कोण अडलंय? डाळ, दूध, शेंगदाणे पुरेसे आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, बघा तक्त्यात.

माजी_मेस_सेक्रेटरी

तक्त्यात असतं हो, मेसच्या ताटात येत नाही. आणि त्याच शंभर ग्रॅमबरोबर साडेपाचशे कॅलरीही येतात, त्या ४८ किलो गटातल्या मुलीने कुठे ठेवायच्या? शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं आलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले. आठवड्याला एक! तेही तुम्हाला खुपलं.

शुद्ध_तूप

मला काय खुपतं ते तुम्ही ठरवू नका. पर्याय म्हणून केळं होतंच.

मातीतला

केळ्यावर कुस्ती मारून दाखवा.

साशंक

अंडी जरा बाजूला ठेवता का? ताटवाटी, डबली लेबल्ड वॉटर खाणं मोजत नाही. त्या पाण्यातले खुणेचे अणू, ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८, शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात, त्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा काढतात. खर्च म्हणजेच खाणं हे समीकरण वजन स्थिर असेल तरच बसतं. सीझनमध्ये ज्याचं वजन उतरतंय, त्याच्या वहीत आणि खर्चात फरक दिसणारच. तो सगळा ‘लपवलेला’ कसा धरता? शिवाय वही हातात आली की माणूस खरोखरच कमी खातो, लिहायचा वैताग म्हणून. मग नोंद बरोबर, पण तो आठवडा नेहमीचा नव्हे.

लांबपल्ला

हेच! आणि आता ‘काय फरक पडतो’ याचं उत्तर ऐका.

आमच्यातली एक जण खरं लिहायची. एकटीच. दिवसाला जेमतेम १५०० कॅलरी भरायच्या, आणि आठवड्याचं धावणं माझ्याइतकंच. आहाराचं बघणाऱ्यांनी वही चाळली आणि म्हणाले, एवढ्यावर कोणी धावू शकत नाही, तू लपवतेस. तिची पाळी कित्येक महिने बंद होती. ते कोणी विचारलं नाही, फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. पुढे नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि तिचं धावणं संपलं. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींच्या खाली शरीराला उरलं की धोका, हे तेव्हाही छापलेलं होतं. खेळाडूच्या शरीराला अशी ऊर्जा कमी पडून जे बिघडतं त्याला ऑलिंपिक समितीने तर २०१४ मध्ये रेड-एस असं नावच दिलं.

कमी आकडा दिसला की दोन शक्यता असतात: कमी सांगितलंय किंवा कमी खाल्लंय. तुमचा लेख दुसरी शक्यता वाचकांच्या डोक्यातूनच काढून टाकतो. ‘वह्या रद्दीत घाला’ म्हणे. तिची वही खरी होती.

ताटवाटी

वाईट झालं, पण एका मुलीवरून पद्धत ठरत नाही.

लांबपल्ला

दहा लठ्ठ माणसांवरून ठरते वाटतं?

साशंक

😂

ताटवाटी

ठीक आहे, ‘रद्दी’ हा शब्द जरा जास्त झाला. लेखात ‘एकट्या वहीवर विसंबू नये’ असं करतो, तुमचं समाधान होत असेल तर. पण उपाय सांगा. मेसमध्ये दोनशे ताटं मी एकटा तोलणार? सरांना खोलीबाहेर कोण काढणार? गेल्या शिबिरात ‘जरा बाहेर थांबता का’ विचारलं, तर पुढच्या शिबिराला मला बोलावलंच नाही.

लांबपल्ला

मग लेख त्या सरांवर लिहा ना! पोरींवर लिहिणं सोपं पडतं.

मातीतला

आमच्याकडं या. ताटं म्या तोलतो. फकस्त वस्तादांच्या म्होरं इचारू नगासा, न्हाईतर समदी पोरं दोन लिटरच सांगत्याल.

माजी_मेस_सेक्रेटरी

आधी वाटीचं माप ठरवा. वाटी घेऊनच जा सोबत.

शुद्ध_तूप

केळ्यात काय वाईट आहे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.