'ज्युडिशियल रिव्ह्यू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भाचा मेलबर्नला असतो. त्याच्या बायकोचा पार्टनर व्हिसा, सबक्लास 309, नामंजूर झाला. न्यायाधिकरणानेही नकार कायम ठेवला. वकील आता 'ज्युडिशियल रिव्ह्यू' करा म्हणतात. ताईला फोनवर समजावताना मी 'अपील' म्हणाले. बरोबर आहे का? वर्तमानपत्रांत 'पुनरावलोकन' वाचलंय.

प्रतिसाद : 'अपील' नको. हा शब्द ऐकला की घरचे लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज, एकत्र खात्याची स्टेटमेंट गोळा करायला लागतात. त्यांना वाटतं, आता न्यायाधीश सगळं नव्याने बघतील. तसं होत नाही.

लग्न खरं आहे का, संसार चालू आहे का, याची गुणदोषांवर फेरतपासणी न्यायाधिकरणात होते आणि तो टप्पा तुमचा झालाय. घोळ वाढवायला त्या जुन्या न्यायाधिकरणाच्या, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलच्या, नावातच 'अपील्स' होतं. 14 ऑक्टोबर 2024 पासून तिच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आलं. कोर्ट मात्र एवढंच बघतं की निर्णय कायद्याला धरून झाला का. अधिकारितेतील चूक दाखवावी लागते, म्हणजे न्यायाधिकरणाने कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या चौकटीबाहेर जाऊन निर्णय दिला, हे. समजा, नियमानुसार पैशांचे व्यवहार, घरसंसार, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी या चारही अंगांचा विचार व्हायला हवा होता आणि त्यातलं एक बघितलंच नाही, तर मुद्दा होतो. 'बघितलं, पण पटलं नाही' एवढ्याने सहसा होत नाही.

एक खरं उदाहरण. पार्टनर व्हिसाच्याच एका प्रकरणात एक अट माफ करण्याइतकी सबळ कारणं ('कम्पेलिंग रीझन्स') आहेत का, हे तपासताना न्यायाधिकरणाने फक्त अर्जाच्या वेळची परिस्थिती धरली. 2016 मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने ते चुकीचं ठरवलं, नंतरची परिस्थितीही धरायला हवी म्हणून. वाद नियमाच्या अर्थाचा होता. जोडपं खरं की खोटं, हे कोर्टाने ठरवलं नाही.

शब्दाचं म्हणाल तर 'न्यायिक पुनर्विलोकन' हाच रुळलेला कायदेशीर शब्द. नुसतं 'पुनर्विलोकन' लिहू नका. आपल्या दिवाणी कोर्टात त्याचा अर्थ त्याच कोर्टाने स्वतःचा निकाल पुन्हा बघणं. 'पुनरीक्षण' (रिव्हिजन) आणखी वेगळं. 'पुनरावलोकन' अहवालाला शोभतं. ताईंना सांगताना 'तिकडची रिट याचिका' म्हणा, हायकोर्टाची पायरी माहीत असलेल्या माणसाला लगेच कळेल.

आणि कृपा करून शब्दाआधी तारीख बघा. अर्जाला 35 दिवस असतात, तेही निर्णयाच्या तारखेपासून. पत्र हातात पडल्यापासून नव्हे. मुदतवाढ मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कोर्टाच्या हातात. फोटो जमवण्यात हे दिवस गेले की फार वाईट वाटतं.

प्रश्न : तारीख आजच विचारते. पण कोर्टात जिंकलो तर व्हिसा मिळेल ना?

प्रतिसाद : नाही. निर्णय रद्द होतो आणि प्रकरण फेरनिर्णयासाठी न्यायाधिकरणाकडे परत जातं. तिथे नवे पुरावे देता येतात, तेव्हा ताईंनी जमवलेले फोटो जपून ठेवा. निकाल पुन्हा विरुद्धही जाऊ शकतो. म्हणून नातेवाइकांना 'केस जिंकली' असं सांगू नका, 'प्रकरण पुन्हा सुनावणीला गेलं' एवढंच सांगा.