सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या पोरांना बॅटिंग एकच शिकवायची की वेगवेगळी? सल्ला हवा

पारोळ्याचा पीटी
नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत खेळशिक्षक आहे. यंदा १४ वर्षांखालच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ आणि मुलांचा बेसबॉल संघ, दोन्ही माझ्याच गळ्यात पडलेत. मैदान एक, वेळ एक. मी स्वतः कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलोय, बेसबॉल फक्त बघितलाय. एक ज्येष्ठ सर म्हणतात, दोन्हींचा स्विंग वेगळा, एकत्र शिकवलं तर दोन्ही संघ बिघडतील. दुसरे म्हणतात, कसला फरक, बॅट फिरवायला सांगा. नेमकं काय एकत्र घेऊ आणि काय वेगळं? शिवाय सगळी पोरं गल्लीत टेनिस बॉल क्रिकेट खेळून येतात. चेंडूचा टप्पा पडायची वाट बघत उभी राहतात!

होमप्लेट_भुसावळ
सर, स्विंग एकच. आधी कंबर, मग हात, आणि बॅट चेंडूच्या रेषेत. हे दोन्हीकडे तेच आहे. बदलतो तो मिळणारा वेळ आणि चेंडू येण्याचा कोन.

हिशोब बघा. मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ४३ फुटांवर, बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंचांवर. ताशी ८० किलोमीटरचा सॉफ्टबॉल प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीपर्यंत, साधारण ०.५९ सेकंदात येतो. तेवढ्याच वेळात बेसबॉल यायचा तर तो ताशी ११२ च्या आसपास हवा. त्यातून पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणजे खरा वेळ याहून कमीच. लहान गटात अंतरं आणि वेग दोन्ही कमी होतात, पण मुलींना विचार करायला फारशी सवड नसते हे खरंच. 'सॉफ्टबॉल म्हणजे सोपा खेळ' म्हणणाऱ्याला एकदा चांगल्या विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकणाऱ्या) पिचरसमोर उभं करा, बोलती बंद होते.

म्हणून तयारी लवकर. पिचरचा हात वर जायला लागला की मुलीचं वजन मागच्या पायावर. हात मांडीजवळ येऊन चेंडू सुटेपर्यंत पुढचा पाय टेकलेला पाहिजे. पाऊलही वीतभरच. बेसबॉलच्या पोरांना पिचरने गुडघा उचलल्यावर तयारी करायला जरा निवांत वेळ मिळतो, पण त्याच निवांतपणात ती लांब ढांग टाकतात. ढांग लांब गेली की डोकं पुढे जातं, आणि डोकं हललं की चेंडू दिसतो एकीकडे नि बॅट जाते दुसरीकडे.

पकडीवर वेळ घाला. बॅट तळव्यात नको, बोटांत. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे साधारण एका ओळीत यायला हवेत. उजव्या हाताने खेळणारं पोर असेल तर चेंडूला बॅट लागते त्या क्षणी उजवा तळवा आभाळाकडे, डावा जमिनीकडे. मागची टाच उचललेली, चवडा फिरलेला, कमरेचा पट्टा पिचरकडे. टीवर (चेंडू ठेवायच्या कमरेएवढ्या खांबावर) चेंडू ठेवून, पोराला त्याच अवस्थेत थांबवून, तुमच्या हाताने बसवून द्या. तोंडी शंभरदा सांगून हे जमत नाही.

केळीपट्टा
आमनाकडे बी हाऊच वांधा शे भो!
गमतीचा भाग सोडा, आधी बॅट तपासा. शाळेत एकच किट असतं आणि तीच बॅट सगळ्यांच्या हातात. सॉफ्टबॉलची बॅट २¼ इंच जाडीपर्यंत, मोठ्या बेसबॉलची २⅝ पर्यंत. वजनाचा फरक तर पोरांच्या खांद्यालाच कळतो. ३२ इंची बेसबॉल बॅट २९ औंसांची, म्हणजे ८०० ग्रॅमच्या वर असू शकते. त्याच लांबीची मुलींची हलकी बॅट २२ औंस, सव्वासहाशे ग्रॅमच्या आत. चेंडूही वेगळे: सॉफ्टबॉल १२ इंच घेराचा, बेसबॉल ९ च्या थोडा वर. जड बॅट दिली की पोरगी हात खाली सोडून मारते, आणि आपण म्हणतो 'टेक्निक खराब'. एका हाताने बॅट आडवी, सरळ समोर धरायला लावा. पंधरा-वीस सेकंदांत हात थरथरला तर ती बॅट तिची नाही.

धुळ्याची_ताई
होमप्लेट भाऊंशी सहमत, पण कोनाचं नीट सांगायला हवं होतं. आमच्याकडे अजून बरेच जण मुलींना 'कुऱ्हाडीसारखी वरून खाली मार' शिकवतात. त्याने चेंडू पायाशीच आपटतो. मला हे अजिबात पटत नाही.

मोठ्यांच्या बेसबॉलचा पिचर १० इंच उंच माउंडवरून, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून, खांद्याच्या वरून फेकतो. चेंडू उतरत येतो, म्हणून बॅट किंचित चढती हवी. सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवरून, कमरेखालून सोडते. वेगाचा चेंडू बऱ्यापैकी सपाट येतो, तिथे बॅटचा चढ कमी. लहान गटातला संथ चेंडू मात्र घसरतच येतो, तो वरून कापून काही मिळत नाही. राइजबॉल (वर चढल्यासारखा वाटणारा चेंडू) १४ वर्षांखाली क्वचितच दिसेल. तो हवेत उडी मारतो अशी समजूत आहे. खरं तर तो खालून वर निघालेला असतो आणि उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो. छातीच्या वरचा चेंडू सोडायला शिकवलं तरी निम्मं काम होतं.

पारोळ्याचा पीटी
ताई, भाऊ, खूप आभार. पण टी आमच्याकडे नाहीच. आणि क्रिकेटचं काय?

होमप्लेट_भुसावळ
टी घरी बनवा. अहो, जळगाव जिल्ह्यात राहून पीव्हीसी पाइप मिळत नाही म्हणू नका. खाली जड पाया, वर पाइप, टोकाला रबरी होजचा तुकडा, म्हणजे बॅट लागली तरी पाइप फुटत नाही. पुढे मच्छीची जाळी टांगा. टीची जागा मात्र जपा. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत हवी. पोटासमोर ठेवली की क्रिकेटचीच सवय पक्की होते.

क्रिकेटमधला पुल मारणारं पोर इथे लवकर शिकतं, आडवी बॅट त्याला नवी नसते. पण ते मनगटं आधीच वळवतं, आणि चेंडू जमिनीवर घसरत डाव्या बाजूला जातो. तळवा वर-खाली वाला सराव त्यासाठीच. टप्प्याच्या सवयीला एक उपाय: आठ-दहा पावलांवरून, जाळीआडून तुम्ही खालून टाका. पोराने प्रत्येक चेंडूला मनात 'हो, हो, हो' म्हणत निघायचं आणि चेंडू बाहेरचा दिसला तरच 'नाही' म्हणून थांबायचं. मारायचं ठरवूनच सुरुवात, थांबणं नंतर. चेंडू कमी असतील तर प्लॅस्टिकची शटल चालतात, नजर छान बसते आणि काळ्या ढेकळांत हरवतही नाहीत.

केळीपट्टा
आणि बॅट घेऊन पळू नका म्हणावं! आमची पोरं मारलं की बॅट काखेत घेऊन पहिल्या बेसला, जसं काही रनआउट वाचवायचंय. बॅट सोडायची, फेकायची नाही. मागे कॅचर बसलेला असतो.

पारोळ्याचा पीटी
हाहा, हे तर रोजचंच आहे. अजून एक. एक डावखुरी मुलगी आहे, वाऱ्यासारखी पळते पण फटक्यात जोर नाही. काय करू?

धुळ्याची_ताई
तिला स्लॅप शिकवा सर. सॉफ्टबॉलमध्ये बेस फक्त ६० फुटांवर, बेसबॉलमध्ये ९० फुटांवर. म्हणून हा फटका सॉफ्टबॉलमध्येच खरा पिकतो. मागचा पाय पुढच्या पायावरून टाकत, पिचरच्या दिशेने चालत, चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूकडे) जमिनीवर ढकलायचा आणि पळायचं. बॅटला लागताना पाय बॅटरच्या चौकोनाबाहेर पूर्ण पडला तर आउट, हे तिच्या डोक्यात आधी घाला. पण आधी तिचा साधा स्विंग बसू द्या. नुसती स्लॅप येणारी मुलगी दिसली की समोरचे तिसऱ्या बेसवालीला पुढे आणून उभी करतात. आणि सरावातही हेल्मेट जाळीचंच.