कोलंबसमध्ये घर घ्यावं का? (आणि ते तीन टक्के)

प्रेषक: स.
प्रति: मंडळ लिस्ट

नमस्कार मंडळी,

आम्ही मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून इथे, इंडियानातल्या कोलंबसला आलो, नवरा कमिन्सच्या (डिझेल इंजिनवाल्या) टेक सेंटरला आहे, मी सध्या एच-४ वर, म्हणजे त्याच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरीच. लीज मे महिन्यात संपतंय आणि तो म्हणतोय भाडं भरत बसण्यापेक्षा घर घेऊन टाकू. त्याचा मुद्दा असा की आपल्या बार्थोलोम्यू काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) बेरोजगारी तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, इंडियानातल्या सगळ्यात कमी आकड्यांमध्ये आपलं नाव असतं, मग घाबरायचं कशाला. मला का कोण जाणे हे पचत नाहीये. मी आकुर्डीची, तिथे एका मोठ्या प्लँटची लाईन थांबली तेव्हा मागच्या गल्लीतले गाळेवाले, मेसवाल्या मावशी, चहाची टपरी, सगळ्यांचं काय झालं ते डोळ्यासमोर आहे. इथेही जो भेटतो तो एकाच कंपनीत, नाहीतर त्या कंपनीला काहीतरी पुरवणाऱ्या कंपनीत. जुन्या लोकांनी जरा खरं काय ते सांगा ना.

स.

---

प्रेषक: काका
विषय: रि: कोलंबसमध्ये घर घ्यावं का?

स., तू मला काका म्हणालीस तरी चालेल, इथे सगळे म्हणतात.

मी ९१ साली कोथरूडहून आलो, तेव्हा तिथल्या गेटवर किर्लोस्कर कमिन्स अशी पाटी होती. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात वाटलं की अरे ही तर किर्लोस्करवाडी, फक्त मक्याच्या शेतात. शाळा, चर्च, लायब्ररी, कुठेही बघा मागे तीच कंपनी. १९१९ साली क्लेसी कमिन्सने डिझेल इंजिनाची कंपनी काढली, तो आधी अर्विन नावाच्या बँकरच्या घरी ड्रायव्हर-मेकॅनिक होता आणि पैसा त्या बँकरने घातला. पुढे त्याच घरातल्या जे. अर्विन मिलरने कंपनी वाढवली, आणि गावातल्या सार्वजनिक इमारतींच्या आर्किटेक्टची फी कंपनीच्या फाउंडेशनने भरायची अशी पद्धत पाडली. लोक त्याला कलाप्रेम म्हणतात, होतंच, पण त्यात धंद्याचंही डोकं होतं. चांगले इंजिनियर या खेड्यात यायचे आणि टिकायचे तर मुलांची शाळा चांगली पाहिजे, एवढं साधं.

आता तुझा प्रश्न. ट्रकचा धंदा म्हणजे मोसमी पाऊस आहे आणि त्याचा मोसम पुष्कळदा सरकार ठरवतं. २००७ साली प्रदूषणाचे कडक नियम लागू होणार होते म्हणून २००६ मध्ये सगळ्या ट्रकवाल्यांनी आधीच गाड्या घेऊन ठेवल्या, प्लँटमध्ये शनिवार-रविवार ओव्हरटाईम, कॅफेटेरियात बसायला जागा नाही. आणि ०७ उजाडलं तसं सगळं थंड. ते सावरतंय तोवर ०८-०९ ची मंदी आली. तेव्हा माझ्या समोरच्या रांगेतली डेस्कं एकेक करून मोकळी झाली, एकाने तर जाताना आपलं मनी प्लँट मला आणून दिलं. ते अजून आहे, घरभर पसरलंय.

दुसरी गोष्ट व्ही-८ ची. पाच लिटरचं छोटं डिझेल इंजिन, क्रायस्लरसाठी म्हणून ठरलं, तेवढ्यात क्रायस्लरच दिवाळखोरीत. मग काही वर्षं गार पडलं, पुढे निसानच्या टायटन पिकअपसाठी पुन्हा बाहेर काढलं, इथल्या कोलंबस इंजिन प्लँटमध्ये लाईन लागली, पेपरात फोटो, भाषणं, सगळं झालं. २०१९ नंतर निसानने डिझेल टायटनच बंद केली. इंजिन चांगलं होतं हो. पण गिऱ्हाईकाने दुकान बदललं की कारागिराच्या हाताला अर्थ राहत नाही.

लोक म्हणतील इथे कमिन्सशिवाय इतरही आहेत. आहेत ना, एन्की अ‍ॅल्युमिनियमची चाकं करते, एनटीएन ड्राईव्हशाफ्ट, टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना ९० सालापासून आहे. आणि आर्विन (Arvin, तो बँकर अर्विन वेगळा) होती, सायलेन्सरवाली, कोलंबसची अगदी घरची कंपनी. २००० साली ती मेरिटॉर या ट्रकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत गेली, मुख्यालय मिशिगनला ट्रॉयला गेलं, गावाने हाय खाल्ली. आणि गंमत बघ, २०२२ साली कमिन्सने ती मेरिटॉरच विकत घेतली, जवळपास ३.७ अब्ज डॉलरला. म्हणजे लेक सासरी गेली आणि बावीस वर्षांनी सासरच माहेरच्यांनी घेतलं. तेव्हा खुंट्या चार आहेत गं, पण भिंत एकच. फोर्कलिफ्ट तेवढी जरा वेगळी, ती गोदामांच्या जिवावर चालते.

घर घ्यायचंच असेल तर हॉ क्रीक ओढ्याच्या बाजूला घेताना फ्लड मॅप बघ. ७ जून २००८ चा पूर आम्ही पाहिलाय, हॉस्पिटलमधून दीडशेच्यावर पेशंट हलवले होते आणि ते हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत पेशंट भरती करू शकलं नव्हतं.

काका

---

प्रेषक: मा.
विषय: रि: रि: कोलंबसमध्ये घर घ्यावं का?

सॉरी विषयांतर, पण कोणाकडे मंडळाचे मोदकाचे दोन मोठे साचे आहेत का? गणपतीनंतर परत आले नाहीत. पितळी आहेत. कृपया ऑल ला रिप्लाय करू नका मला एकटीलाच करा.

मा.

---

प्रेषक: ताई (नॉर्थ साईड)
विषय: रि: ते तीन टक्के

ऑल लाच करतेय मा., साचे माझ्याकडे नाहीत.

स., मी गेली बारा वर्षं इथे एका स्टाफिंग एजन्सीत आहे, म्हणजे कारखान्यांना माणसं पुरवायचं काम. काकांनी इतिहास सांगितला, मी तुला ते तीन टक्के उलगडून दाखवते, कारण तुझा नवरा त्या आकड्यावर तीस वर्षांचं कर्ज ठेवायला निघालाय.

काउंटीचे नोकऱ्यांचे दोन वेगळे आकडे असतात आणि लोक ते सर्रास एकत्र करतात. एक मोजतात माणूस राहतो तिथे, बेरोजगारीचा दर हा त्यातला. दुसरा मोजतात नोकरी जिथे आहे तिथे. आता इथल्या प्लँटच्या पार्किंगमध्ये दुपारी शिफ्ट सुटताना उभी राहा आणि गाड्या कुठे वळतात बघ. अर्ध्या गाड्या नॉर्थ व्हर्नन, सेमोर, ग्रीन्सबर्ग, फ्रँकलिनच्या वाटेला. रोज शेजारच्या काउंट्यांतून हजारो लोक इथे येतात, इथे घरं परवडत नाहीत हे त्यामागचं एक कारण. यातल्या एखाद्याची नोकरी गेली तर नोकरी आपल्या काउंटीची जाते, पण बेरोजगार वाढतो तो शेजारच्या, समजा जेनिंग्ज काउंटीत. आपले तीन टक्के तिथेच.

दुसरं, आमच्या धंद्यातलं. इथे साधारण तीनातली एक नोकरी उत्पादनातली, अमेरिकेत इतकं प्रमाण फार थोड्या ठिकाणी असेल. पण एजन्सीमार्फत लाईनवर उभा असलेला माणूस त्या आकड्यात येतच नाही. तो दिवसभर इंजिनाला बोल्ट लावतो, पण सरकारी खात्यात त्याची नोंद आमच्या एजन्सीच्या नावाने, 'प्रशासकीय आणि साहाय्यक सेवा' अशा कप्प्यात, जिथे सफाईवाले आणि सिक्युरिटीवाले पण असतात. ऑर्डरी कमी झाल्या की पहिला फोन मला येतो. "उद्यापासून बावीसजण नकोत." बास. ती संध्याकाळ मी बावीस फोन करते. कोणी शिव्या देतं, कोणी थँक यू म्हणतं, ते जास्त लागतं. आणि कारखान्याच्या आकड्यात एकही नोकरी कमी झालेली नसते. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची वॉर्न नोटीस द्यावी लागते ना, ती बहुतेक वेळा या लोकांना लागूच पडत नाही. म्हणून मी काय बघते सांगू, मी राज्याच्या साईटवरची वॉर्नची यादी बघतेच, पण त्याच्या कितीतरी आधी माझ्या टेंपच्या, म्हणजे एजन्सीच्या तात्पुरत्या माणसांच्या, ऑर्डरी बघते. त्या आटल्या की चार-सहा महिन्यांनी पर्मनंटवाल्यांच्या ओव्हरटाईमवर येतं आणि मग ऑफिसवाल्यांवर.

आणि आता तिसरं, जे कोणी बोलत नाही, आपण.

एच-१बी वाल्याची, म्हणजे वर्क व्हिसावरच्या माणसाची, नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात. दुसरी नोकरी लागली तर ती बहुतेक करून डेट्रॉईट नाहीतर टेक्सासला. नाही लागली तर पुणे. म्हणजे तो माणूस बेरोजगार म्हणून मोजायला काउंटीत उरतच नाही, भागाकारात वरूनही गेला (बेरोजगारांतून) आणि खालूनही गेला (एकूण कामकऱ्यांतून), टक्का जिथल्या तिथे. आणि एच-४ वर घरी बसलेली बायको? तुला काम करायला परवानगी नाही, म्हणून तू शोधत नाहीस, म्हणून तू बेरोजगार नाहीस. तू त्या मोजणीत लेबर फोर्समध्येच नाहीस. मी स्वतः सहा वर्षं अशीच होते, एम. टेक. होऊन. २०१५ साली काही एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, माझ्या नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर होता म्हणून माझा नंबर लागला. आपल्या मंडळाच्या पिकनिकला किती इंजिनियर बायका पोहे करत असतात मोज एकदा, आणि मग सांग काउंटीत बेरोजगारी किती ते.

तर तीन टक्के खोटे नाहीत. ते फक्त जे उरले त्यांचे आहेत.

ताई

---

प्रेषक: अ. (सेमोर)
विषय: रि: ते तीन टक्के

ताई जबरदस्त लिहिलंय, पण जरा दुसरी बाजू पण येऊ द्या नाहीतर पोरगी आजच बॅगा भरेल.

मी कमिन्सच्याच सेमोरच्या प्लँटला आहे, जॅक्सन काउंटी, कोलंबसपासून वीसेक मैल. आमच्याकडे मोठी इंजिनं होतात, ९५ लिटरचं सोळा सिलेंडर वगैरे, त्याला सगळे हेजहॉग म्हणतात, शेजारी उभं राहिलं की माणूस लहान पोरासारखा दिसतो. ही ट्रकला नाही लागत, ही जनरेटरला. आणि सध्या ज्याला त्याला डेटा सेंटर बांधायचंय, प्रत्येक डेटा सेंटरला लाईट गेली तर बॅकअप पाहिजे, म्हणजे डिझेल जनरेटर पाहिजे. एआय वगैरे ढगात असेल, त्याच्या खाली आमचं ऑइल गळतंय. त्यामुळे २०२५ मध्ये ट्रकच्या ऑर्डरी पडल्या तरी वीजवाला धंदा जोरात होता, आणि ही गोष्ट २००९ ला नव्हती. म्हणजे काका म्हणतात त्या भिंतीला निदान एक खिडकी तरी पडली.

अर्थात ती पण कायमची म्हणत नाही मी. तीन वर्षांपूर्वी सगळे हायड्रोजनवर बोलत होते, २०२३ ला अ‍ॅक्सेलेरा नाव देऊन वेगळा विभाग झाला, आमच्यातली दोन हुशार पोरं उड्या मारत तिकडे गेली. २०२४ च्या शेवटी त्याच विभागात काटछाट आणि फेररचना. एक परत डिझेलला आला, लाजत नाही, म्हणतो जिथे धूर तिथे पगार.

एकच सल्ला, नवरा कुठल्या इंजिनावर काम करतो ते विचार. कंपनी कुठली यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. ट्रकवाला असेल तर एक हिशोब, पॉवरवाला असेल तर दुसरा.

आणि साचे माझ्या गाडीच्या डिकीत सापडले मा. वहिनी, सॉरी.

अ.

---

प्रेषक: काका
विषय: रि: रि: ते तीन टक्के

ताई, पोहे करणाऱ्यांत आमची ही पण होती, अकरा वर्षं. मी कधी मोजलं नव्हतं.

स., एक राहिलं. मघाशी मी फक्त कारखान्यांचं लिहिलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हॉस्पिटल आणि शाळा हे इथले मोठे मालक झालेत, गावातला मॉल ओस पडला तेव्हा तोसुद्धा २०१८ मध्ये सिटीने आणि हॉस्पिटलने मिळून घेतला. नर्स, रेडिओलॉजी टेक्निशियन, फिजिओ, अशी माणसं त्यांना सतत हवी असतात आणि ट्रक विकले जावोत न जावोत पेशंट येतातच. एच-४ वर नोकरी नाही करता येत पण शिकता येतं. आयव्ही टेक हे कम्युनिटी कॉलेज इथेच आहे, आणि पूर्वीचं आययूपीयूसी, ज्याचं २०२४ पासून इंडियाना युनिव्हर्सिटी कोलंबस झालं, तिथे नर्सिंग आहे. पूर्वी आपल्या घरात नर्सिंग म्हटलं की नाकं मुरडायचे. आता माझी सून तेच करते आणि ०८ नंतर घरात सगळ्यात निवांत झोप तिचीच असते.

काका

---

प्रेषक: स.
विषय: रि: रि: रि: ते तीन टक्के

सगळ्यांना खूप थँक्स, मी हे सगळं प्रिंट काढून नवऱ्यासमोर ठेवलं. ताईंचं पान वाचून तो दहा मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला हे आधी का नाही कळलं. अ. दादा, तो ट्रकवालाच निघाला, त्यातही २०२७ च्या प्रदूषण नियमांच्या कामावर. म्हणजे काम सध्या भरपूर आहे पण ते नियम लागू झाल्यावर काय, हे त्याने टीममध्ये कोणाला विचारलंच नव्हतं. आता विचारणार आहे, पण चहाच्या वेळेला, मीटिंगमध्ये नाही म्हणे.

घराचं सध्या थांबवलंय. लीज एक वर्षाने वाढवायला अपार्टमेंटवाले महिन्याला नव्वद डॉलर जास्त मागतायत, देऊ. आय-१४० चं बघू मग पुढे.

मी फार्मसी केलंय पुण्याला, आणि सात वर्षं काम पण. नर्सिंगमध्ये त्यातले काही क्रेडिट धरतात का, की पहिल्यापासून सुरू करायचं, हे कोणाला माहीत आहे का? काका, तुमच्या सूनबाईंना शनिवारी थोडा वेळ असेल तर मी लायब्ररीपाशी येते, त्या मोठ्या कमानीखाली, अकरा वाजता. मार्कशीटा घेऊन येते.

स.