वजनाशी संबंध असलेल्या एफटीओ जनुकाचा रिपोर्ट आलाय, लेकीशी कसं बोलू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मला दोन मुली. एकच कणीक, एकाच डब्यातल्या पोळ्या. मोठी पहिल्यापासून काडीसारखी. धाकटी २० वर्षांची, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेएकोणतीसच्या वर, आणि आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

गेल्या महिन्यात तिने साठवलेल्या पैशांतून लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली. रिपोर्टवर लाल अक्षरांत छापून आलं, 'एफटीओ : एए, धोका जास्त'. त्या दिवसापासून तिचं टेकडीवर जाणं बंद. "आई, माझ्या रक्तातच आहे, कशाला उठवतेस?" बूट दाराशी तसेच पडलेत, तळाला चिखल वाळलाय.

मी विज्ञानाची नाही, पण पंधरा दिवस वाचतेय. हा जनुक २००७ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासातून पुढे आला. ज्यांच्याकडे त्याच्या 'ए' प्रकाराच्या दोन्ही प्रती (रिपोर्टमधलं 'एए' ते हेच), म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, त्यांचं वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलो जास्त भरलं. लठ्ठपणाचा धोका १.६७ पट. तिथल्या शंभरातल्या सोळा जणांकडे ही जोडी आहे, म्हणजे दुर्मिळ काही नाही. २०१८ पर्यंत सुमारे ७ लाख लोकांच्या अभ्यासातून वजनाशी जोडलेले असे नऊशेच्या वर जनुकीय फरक सापडले, पण ते सगळे मिळून माणसामाणसांच्या बीएमआयमधला जेमतेम ६ टक्के फरक सांगतात. मग एका ओळीच्या लाल रिपोर्टला किती किंमत द्यायची?

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त टोचते. हा फरक भुकेवर आणि पोट भरल्याच्या जाणिवेवर काम करतो, असं लहान मुलांच्या अभ्यासांत दिसलंय. ही जेवून उठली की अर्ध्या तासात चिवड्याच्या डब्याचं झाकण वाजतं, आणि मोठी अर्धी पोळी टाकून उठते. "तोंडावर ताबा ठेव" असं नातेवाईक म्हणायचे, मीही म्हणायचे. तिला भूक खरंच जास्त लागत होती, हे मला कधी सुचलंच नाही.

धीर देणारं एवढं सापडलं : २०११ च्या दोन लाखांवर प्रौढांच्या पाहणीत, अंगाला हालचाल असणाऱ्यांमध्ये या जनुकाचा परिणाम साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. २०१६ मध्ये आठ चाचण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा हा प्रकार असणाऱ्यांचं वजनही आहार-व्यायामाने इतरांइतकंच उतरलेलं दिसलं.

आता मदत हवी ती अशी. हे सगळं 'तुझीच चूक' असं न वाटू देता तिला कसं सांगू? भूक लवकर लागणाऱ्यांना ताटात काय बदलल्याने फरक पडला, स्वतःचा अनुभव असेल तर लिहा. आणि पुण्यातले मधुमेह-संशोधक डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की भारतीयांत या फरकाचा मधुमेहाशीही संबंध आहे, आणि तो नुसत्या वजनाने पुरता उलगडत नाही. हिच्या आजीला आणि बाबांना साखर आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) आत्ताच करून घ्यावी का? डॉक्टर मंडळींनी जरूर सांगा.

ती रात्री आठला क्लासवरून येते. आजच बोलायचं ठरवलंय, त्याआधी कुणी लिहिलंत तर फार बरं होईल.