फाउंटन पेनाने रोजनिशी लिहायची, तर कागद कोणता घ्यावा?

निळीशाई:
रात्री जेवणं उरकली की मी रोजनिशी लिहायला बसते. पेन मध्यम निबचं, शाई कॅम्लिनची रॉयल ब्लू. लिहिण्याची ही वेळ मला दिवसातली सगळ्यात प्रिय, पण कागद साथ देत नाही. अनुस्वार मसुराएवढा होतो, ‘ळ’चं पोट भरून जातं, शिवाय मागच्या बाजूला सगळं उमटतं. दुकानात विचारलं की ‘शंभर जीएसएमची घ्या, जाड आहे’ म्हणतात. त्या वहीतही तेच. नेमकं काय बघून वही घ्यायची?

बोरूवाला:
ताई, जाडीवर जाऊ नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. शाई फुटते की नाही हे ठरतं खळीवर. कागद बनवताना लगद्यात किंवा नंतर वरून खळ देतात. ती कमी पडली की तंतू शाई ओढून घेतात आणि अक्षर पसरतं. टिपकागद शाई टिपतो तो त्याला खळ नसते म्हणूनच.

जपानचा तोमोए रिव्हर कागद बघा. 52 जीएसएम! खालच्या पानावरचं अक्षर दिसावं इतका पातळ, पण शाई आरपार जात नाही आणि रेघेची कड स्वच्छ राहते. होबोनिची तेचो ही डायरी याच कागदावर निघते. आधी तो तोमोएगावा कंपनी बनवायची, आता सानझेन बनवते. माझ्याकडच्या वहीत जांभळी शाई वाळली की अक्षराच्या कडेला सोनेरी झाक येते. ती बघायला मी पान दिव्याखाली तिरपं धरतो, अजूनही.

आणि ही विद्या आपल्याकडेही होतीच की. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनत आला. जुने कारागीर कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचे. अशा घोटीव कागदावर बोरू कसा सरसर चालतो, ते एकदा तरी अनुभवावं.

पेठकर:
पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा, मात्र पेन घरचं न्या. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर ‘क्ष ज्ञ ळ’ लिहा, मिनिटभर थांबा, पान उलटा. वहीची परीक्षा तिथेच होते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतही जरूर जा. 1940 पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. पत्र लिहायला, चित्रं काढायला तो कागद फार देखणा. रोजच्या लिखाणाला मात्र मी घेणार नाही, खरखरीत कागदाचे तंतू निबमध्ये अडकतात.

चोपडी_लाल:
बांधणीही बघा. दोऱ्याने शिवलेली वही सपाट उघडते, मधल्या घडीपर्यंत लिहिता येतं. लक्ष्मीपूजनाला पुजतात ती लाल कापडी चोपडी माझी आवडती. आत कागद कुठला मिळेल ते दुकानावर, पण शिलाई अशी की हाताने दाबून धरावी लागत नाही.

निळीशाई:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! एकच विचारते, तोमोएवर शाई वाळायला वेळ लागतो का? मी डावखुरी आहे, तळहात ओळीवरूनच सरकतो.

बोरूवाला:
बराच लागतो. मग तुम्ही मिदोरीची एमडी वही घ्या. त्यावर शाई लवकर वाळते आणि फुटतही नाही. निब मात्र बारीक करा. आणि टिपकागदाचा एक तुकडा वहीतच ठेवा, मध्यम निबची सवय सुटेपर्यंत लागेल.