सी-आर्म चालवताना टीएलडी बॅज ॲप्रनच्या आत की बाहेर?

मनीषा:
नमस्कार मंडळी. मी हाडांच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्मही (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) मीच चालवते. आमच्याकडे सगळे टीएलडी बॅज (रेडिएशनचा डोस मोजणारा) शिशाच्या ॲप्रनच्या बाहेर लावतात. काहीजण तर ॲप्रनलाच अडकवून घरी जातात. खरी पद्धत काय? आणि ॲप्रन घडी घालून स्टुलावर पडलेले असतात. त्यातल्या एकाला कमरेपाशी आडवी घडी पडलीय, तिथे हाताला पोकळ लागतं. डॉक्टर म्हणतात, "चालतंय हो, शिसं काय उडून जातंय?"

शैलेश:
ताई, बॅज आत, छातीवर. आम्हाला कोर्सला असंच शिकवलंय.

वृंदा (मेडिकल फिजिसिस्ट):
शैलेशचं बरोबर आहे, पण कारण समजून घ्या. बॅज तुमचं रक्षण करत नाही, तुमच्या अंगाला किती डोस मिळाला ते नोंदवतो. आत कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या असतात. एकीवर धातूचा फिल्टर, एकीवर प्लॅस्टिकचा, तिसरी उघडी. म्हणून बॅज उलटा लावला किंवा पेनाआड दडवला तर वाचनच बिघडतं.

मी एक्स-रे मशीनची क्यूए, म्हणजे दर्जा तपासणी, करायला गावोगाव फिरते. बॅजवर अचानक मोठा डोस आला की चौकशी लागते, आणि पुष्कळदा निघतं काय, तर बॅज एक्स-रे रूममध्येच ॲप्रनला लटकत राहिला होता. माणूस घरी, डोस त्याच्या नावावर! तो आकडा तुमच्या टीएलडी नंबरवर चढतो आणि नोकरी बदलली तरी सोबत येतो. काम संपलं की बॅज काढून कंट्रोल बॅजशेजारी (तुलनेसाठी ठेवलेला, कुणीच न लावायचा बॅज), रेडिएशन नसलेल्या खोलीत ठेवा.

ॲप्रनबद्दल डॉक्टरांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. शिसं उडत नाही, पण शिसं मिसळलेलं रबर घडीवर तडकतं आणि वरचं कापड शाबूत असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. एक्स-रे टेबलावर ॲप्रन पसरा, स्वतः शिशाच्या पडद्यामागे जा आणि भागाभागाने एक्स्पोजर घ्या. पांढऱ्या शिशात काळी रेघ दिसली की ती भेग. सी-आर्मवर तपासायचं असेल तर ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर मशीन शिसं भेदायला आपणहून केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) वाढवत बसेल. तपासणी दरवर्षी करा, तारीख ॲप्रनवर लिहा. आणि जाड दांडीचे हँगर मागून घ्या, त्याला फार खर्च नाही.

सी-आर्मची ट्यूब टेबलाखाली आणि डिटेक्टर पेशंटच्या जवळ ठेवा. आडवा शॉट घेताना ट्यूबच्या बाजूला कधीच उभ्या राहू नका, पेशंटवरून उसळणारं स्कॅटर (विखुरलेले किरण) त्याच बाजूला सर्वांत जास्त असतं. अंतर दुप्पट केलंत तर डोस साधारण चौथाई होतो. सर्जन पेडल दाबण्याआधी एक पाऊल मागे सरका आणि त्यांनाही तशी सवय लावा.

मनीषा:
मॅडम, खूप आभार. आणखी एक विचारते. मला दिवस गेलेत, अजून दवाखान्यात सांगितलेलं नाही. कमरेला घडी पडलेला तोच ॲप्रन माझ्या मापाचा आहे.

वृंदा:
मनीषाताई, अभिनंदन! तो ॲप्रन आजच बाजूला काढा, तपासल्याशिवाय कुणालाही घालू देऊ नका. दवाखान्याला आणि आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) उद्याच लेखी कळवा, पोचही घ्या. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादेप्रमाणे कळवल्यानंतरच्या उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. बॅजचं वाचन तीन महिन्यांनी येतं, तेवढं थांबायचं नाही. थिएटरऐवजी साध्या एक्स-रेची, कंट्रोल पॅनलच्या पडद्याआडची ड्युटी मागा. काळजीपोटी नोकरी सोडायची गरज नाही. काम सुरक्षित करून देणं ही २००४ च्या रेडिएशन प्रोटेक्शन नियमांप्रमाणे मालकाचीच जबाबदारी आहे. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, मी लिहून देते.