टीममधल्या भूमिका स्वभावावरून ठरवाव्यात की कामावरून?

सूत्रधार: टीम बांधताना कौशल्य बघितलं जातं, स्वभाव नाही. टीमचा अभ्यास करणारे ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमधल्या हेन्ली व्यवस्थापन महाविद्यालयातल्या व्यवस्थापन-खेळांत पाहिलं, की सगळ्यात हुशार माणसांच्या टीम बऱ्याचदा मागे पडतात. जो तो दुसऱ्याच्या मुद्द्यातली खोट काढण्यात गुंतलेला, निर्णय कुणाचाच नाही. त्यातून त्यांनी आधी 8 भूमिका मांडल्या, पुढे विशेषज्ञाची 9वी आली. कल्पना काढणारा, ती पारखणारा, बाहेरून माणसं जोडणारा, रेटणारा, शेवटचा हात फिरवणारा वगैरे. 9 भूमिका म्हणजे 9 डोकी नव्हेत, एकाकडे दोन-तीन असतात. पण शेवटचा हात फिरवणारा कुणीच नसेल तर काम संपत आल्यासारखं दिसतं आणि तिथेच रेंगाळतं. म्हणून माणसं निवडतानाच रिकामी भूमिका शोधा.

काटेकोर: असहमत. कुणाची भूमिका कोणती हे ठरवायला बेल्बिन यांची प्रश्नावली आहे, ती माणूस स्वतःच भरतो. तिच्यात 7 विभाग, प्रत्येकात 10 गुण वाटायचे. बेरीज सगळ्यांची 70च! एका भूमिकेचे गुण वाढले की दुसरीचे घटणारच. त्यावरून एकाच माणसाचा कल फार तर कळेल, दोघांची तुलना होत नाही. मॅनेजर नेमकी तीच करतात. 1993 साली फर्नहॅम, स्टील आणि पेंडलटन या संशोधकांनी या मोजमापावरच बोट ठेवलं होतं. शिवाय एकदा ‘कल्पक’ हा शिक्का बसला की तपासणी आपलं काम नाही असं तो माणूस धरून चालतो.

सूत्रधार: तुलनेचा मुद्दा मान्य. पण त्या पद्धतीत सहकाऱ्यांची निरीक्षणंही घेता येतात. ती वगळून नुसते स्वतःच दिलेले गुण वापरले, तर दोष वापराचा आहे.

सहवैमानिक: मी काटेकोर यांच्या बाजूने. कॉकपिटमध्ये एक विमान उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, आणि हे हुद्द्यावर ठरत नाही. कॅप्टनही लक्ष ठेवणारा असू शकतो. ताबा देताना एक ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणतो, दुसरा ‘आय हॅव कंट्रोल’. वेग किंवा उंची ढळली की लक्ष ठेवणाऱ्याने ते मोठ्याने सांगायचंच, समोर कितीही ज्येष्ठ असो. बैठकीतही तसंच करा. प्रत्येक विषयाला निर्णय कुणाचा, खोट कोण काढणार, नोंद कुणाची, हे आधी बोलून घ्या. खोट काढणाऱ्याला 10 मिनिटं राखून द्या, निर्णयाच्या आधी. नंतर दिली तर तो नुसता कटकट्या ठरतो.

पाटी_पेन्सिल: सहवैमानिक, खोट कोण काढणार हे आधी ठरवा, हे पटतं. तो माणूस दर वेळी बदलाही. पाठपुरावा मात्र फिरवू नका. तो दर आठवड्याला नव्या हातात गेला की ‘हे कुणी करायचं ठरलं होतं?’ यावरच बैठक सुरू होते. किमान तिमाहीभर एकाकडे ठेवा, आणि बदलताना उघड्या कामांची यादी नाव-तारखेसकट समोरासमोर सोपवा.

सूत्रधार, स्वभाव न बघताही लोक बोलते होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेसाठीच्या तपासणी-यादीत 19 मुद्दे आहेत. त्यातला एक असा, की चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगितली आहे ना, याची खात्री करायची. एकदा तोंड उघडलेला कनिष्ठ माणूस पुढे चूक दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते.

सूत्रधार: हे घेण्यासारखं आहे. तरी शेवटचा हात फिरवण्याचं काम ज्याला मनापासून कंटाळवाणं वाटतं, त्याला ते पाळीने देऊ नका. तो यादीवर खुणा करेल, तपासणार नाही.

काटेकोर: मग त्याच्याकडून खुणा नकोत, पुरावा मागा. प्रत्येक मुद्द्यासमोर काय पाहिलं ते एका ओळीत लिहायला लावा.